जठरातल्या फुगलेल्या शिरांवर ईयूएसने कॉइल आणि ग्लू: निर्णयापासून फॉलोअपपर्यंत

सिरोसिसच्या, म्हणजे यकृतात तंतुमय व्रण झालेल्या रुग्णाला रक्ताची उलटी होते, तातडीने दुर्बीण घातली जाते आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "रक्त अन्ननलिकेतून नाही, जठराच्या वरच्या भागातल्या शिरांमधून येतंय. बँड लावून भागणार नाही." पाठोपाठ ग्लू, कॉइल, ईयूएस, टिप्स असे शब्द कानावर पडतात आणि हातात संमतीपत्र येतं. त्या कागदावर सही करण्याआधी काय समजून घ्यायचं, काय विचारायचं, आत नेमकं काय केलं जातं आणि घरी गेल्यावर काय सांभाळायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. लेख मुख्यतः रुग्ण आणि नातेवाइकांसाठी आहे. हे सगळं रोज समजावून सांगावं लागणाऱ्या परिचारिका आणि निवासी डॉक्टरांनाही त्याचा उपयोग व्हावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठासून सांगायला हवी. ईयूएसने, म्हणजे एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या मदतीने केलेला हा उपचार रक्त सांडणारी शीर बंद करतो. यकृताभोवतीचा वाढलेला दाब मात्र होता तिथेच राहतो. हा फरक ध्यानात असला की पुढचे निर्णय का घेतले जातात ते आपोआप कळत जातं.

दाब कुठून येतो, शिरा का फुगतात

आतडी, जठर आणि प्लीहा यांतलं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या वाटेने येतं. सिरोसिसमध्ये यकृतात तंतुमय व्रण तयार होतात आणि रक्ताला आत शिरायला अडथळा होतो. त्यात आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि पोर्टल शिरेकडे नेहमीपेक्षा जास्त रक्त येऊ लागतं. अडथळाही वाढलेला आणि आवकही वाढलेली, त्यामुळे दाब चढतो.

हा दाब यकृताच्या दोन्ही बाजूंच्या शिरांमधल्या फरकाने मोजतात. निरोगी माणसात तो १ ते ५ मिलिमीटर पारा असतो. १० किंवा त्याहून जास्त झाला की फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिसेस, आणि जलोदर, म्हणजे पोटात पाणी साचणं, अशा गुंतागुंती सुरू होण्याची शक्यता वाढते. अन्ननलिकेतल्या शिरा सहसा १२ च्या पुढे फुटतात. जठराच्या वरच्या भागातल्या शिरा मात्र १२ च्या खालीही फुटू शकतात, कारण त्यांतलं बरंचसं रक्त डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेकडे जाणाऱ्या एका आडवाटेने निघून जातं. या आडवाटेला गॅस्ट्रोरीनल शंट म्हणतात. पुढे तिचा उल्लेख वारंवार येईल.

जठरातल्या व्हेरिसेसचं आज जगभर वापरलं जाणारं वर्गीकरण भारतीय यकृततज्ज्ञ शिवकुमार सरीन यांच्या नावाने ओळखलं जातं. ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. अन्ननलिकेतल्या शिरा जठराच्या लहान वळणावर उतरल्या तर त्या जीओव्ही १. त्या जठराच्या घुमटाकार वरच्या भागात, म्हणजे फंडसमध्ये पसरल्या तर जीओव्ही २. अन्ननलिकेशी संबंध नसताना फक्त फंडसमध्ये असल्या तर आयजीव्ही १, आणि जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला इतरत्र कुठे असल्या तर आयजीव्ही २. रिपोर्टमध्ये यांपैकी कोणता प्रकार लिहिला आहे ते आधी पाहा. जीओव्ही १ वर बहुतेक वेळा अन्ननलिकेसारखेच उपचार होतात आणि बँडिंग, म्हणजे शिरेला रबरी बँड घालणं, चालू शकतं. या लेखाचा विषय मुख्यतः जीओव्ही २ आणि आयजीव्ही १ हे दोन प्रकार आहेत.

फंडसमधल्या शिरेवर बँड का चालत नाही, असं नातेवाईक हमखास विचारतात. ती शीर मोठी आणि खोल असते. रबरी बँडमध्ये तिचा जेमतेम एक भाग येतो. काही दिवसांनी बँड गळून पडतो, तिथे व्रण उरतो आणि खालची शीर तर उघडीच असते. तिथून होणारा रक्तस्राव फार मोठा असू शकतो.

ग्लू आधीपासून होता, मग ईयूएस कशाला?

हॅम्बुर्गचे निब सोहेंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जठरातल्या शिरांत सायनोअॅक्रिलेट हा ग्लू टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रक्ताशी संपर्क येताच हा ग्लू काही क्षणांत घट्ट होतो आणि शीर आतून बुजते. साध्या दुर्बिणीतून ग्लू टोचणं हा आजही मान्य उपचार आहे आणि बऱ्याच ठिकाणी तोच हाताशी असतो. तातडीच्या वेळी कुशल हातांनी तो केला तर जीव वाचतो, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

त्याच्या मर्यादा मात्र खऱ्या आहेत. साध्या दुर्बिणीतून दिसतो तो शिरेचा जठरात डोकावणारा फुगवटा. भिंतीआड शीर केवढी आहे, रक्त कोणत्या वेगाने वाहतंय, सुईचं टोक शिरेत आहे की बाजूला, आणि टोचल्यावर प्रवाह थांबला की नाही, यांतलं काहीच दिसत नाही. फुगवट्यावर रक्त साचलेलं असेल तर फुगवटाही दिसत नाही. शिवाय शंट मोठा असेल तर ग्लूचा कण प्रवाहाबरोबर वाहत थेट फुफ्फुसात पोहोचू शकतो.

ईयूएसमध्ये दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. भिंतीआडची शीर दिसते, तिचा व्यास मोजता येतो, डॉप्लरने प्रवाह पाहता येतो आणि सुई नजरेसमोर शिरेत घालता येते. पोटात रक्त असलं तरी अल्ट्रासाउंडला त्याचा फारसा अडथळा होत नाही. २००७ मध्ये रोमेरो-कास्त्रो यांच्या गटाने ईयूएसखाली ग्लू देण्याचा अनुभव मांडला. बिनमोलर यांच्या गटाने २०११ मध्ये आधी कॉइल आणि मग ग्लू अशी जोडपद्धत ३० रुग्णांवर वापरून प्रसिद्ध केली. कॉइल म्हणजे बारीक धातूची तार. सुईतून ती सरळ जाते आणि शिरेत उतरली की वेटोळं घेते. तिच्यावर कृत्रिम धाग्यांचे बारीक तंतू असतात आणि त्यांवर रक्त गोठतं. वेटोळ्यामुळे प्रवाह मंदावतो आणि मागून दिलेला ग्लू तिथेच अडकून राहतो, त्यामुळे तो कमी लागतो.

फायदा किती, हे आकड्यांत पाहू. याच जोडपद्धतीचा १५२ रुग्णांचा अनुभव २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक रुग्ण सोडता सगळ्यांत प्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या पूर्ण झाली, आणि नंतर ईयूएसने तपासलेल्या १०० जणांपैकी ९३ जणांच्या शिरा पूर्ण बंद आढळल्या. २०२० च्या एका यादृच्छिक चाचणीत, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या अभ्यासात, ६० रुग्णांपैकी निम्म्यांना कॉइल आणि ग्लू दोन्ही दिले, उरलेल्यांना फक्त कॉइल. जोड उपचारात ८६.७ टक्के रुग्णांच्या शिरा तिथल्या तिथे नाहीशा झाल्या, नुसत्या कॉइलने १३.३ टक्के. म्हणून शक्य असेल तिथे दोन्ही एकत्र वापरावेत असं माझं मत आहे. फुफ्फुसात कण जाण्याचं प्रमाण कॉइलमुळे घटतं असा कल अभ्यासांत दिसतो. पण साध्या दुर्बिणीतल्या ग्लूशी थेट तुलना करणाऱ्या २०१९ च्या छोट्या यादृच्छिक चाचणीत हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. "या पद्धतीत धोकाच नाही" असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

रक्त वाहत असेल तर आधी हे

उलटीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, काळी चिकट शौच, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्या-वागण्यात अचानक वाढलेला गोंधळ किंवा सुस्ती, यांतलं काहीही दिसलं तर तडक आपत्कालीन विभाग गाठा. वाटेत तोंडाने काही देऊ नका, माणसाला कुशीवर झोपवा. डॉक्टरांना भेटताक्षणी "सिरोसिस आहे" हे सांगा. त्या एका वाक्याने पुढचे उपचार बदलतात.

रुग्णालयात श्वासमार्ग आणि रक्तदाब सांभाळणं पहिलं. रक्त जपून चढवतात आणि हिमोग्लोबिन साधारण ७ ते ८ ग्रॅमवर ठेवण्याचं लक्ष्य असतं. नातेवाइकांना हे खटकतं. "इतकं कमी आहे, अजून दोन पिशव्या का देत नाही?" असं विचारलं जातं. कारण असं की जास्त रक्त भरलं तर पोर्टल दाबही वाढतो आणि बंद झालेला रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. टर्लिप्रेसिन, ऑक्ट्रिओटाइड किंवा सोमॅटोस्टॅटिन यांपैकी दाब कमी करणारं एक औषध शिरेतून, दुर्बिणीची वाट न पाहता लगेच सुरू होतं. संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविक देतात, बहुतेक वेळा सेफ्ट्रिअॅक्सोन दिवसाला १ ग्रॅम, जास्तीत जास्त ७ दिवस. सिरोसिसच्या रुग्णात रक्तस्रावाबरोबर संसर्ग झाला की मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून हा डोस चुकवायचा नसतो. रक्तदाब सावरल्यावर १२ तासांच्या आत दुर्बीण होते.

आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, वाढलेला दिसला की प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) द्यावा, ही जुनी सवय आता सोडायला हवी. सिरोसिसमध्ये रक्त गोठवणारे आणि गोठू न देणारे असे दोन्ही घटक कमी झालेले असतात, त्यामुळे आयएनआरवरून रक्तस्रावाचा अंदाज बांधता येत नाही. प्लाझ्माने रक्ताचं आकारमान वाढतं आणि त्याबरोबर दाबही.

रक्त थांबतच नसेल आणि ईयूएस लगेच उपलब्ध नसेल, तर फुगा भरून दाब देणं हा तात्पुरता उपाय असतो. तो २४ तासांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. तेवढ्या वेळात पुढच्या उपचाराची व्यवस्था करायची किंवा रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवायचं.

हा उपचार कुणासाठी, आणि कुणासाठी दुसरा मार्ग बरा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. रुग्ण स्थिर असेल तर प्रक्रियेआधी पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी (शिरा ठळक दिसाव्यात म्हणून औषध टोचून केलेला स्कॅन) करून घ्या. त्यात चार गोष्टी पाहायच्या: गॅस्ट्रोरीनल शंट आहे का आणि केवढा, पोर्टल शिरेत गुठळी आहे का, प्लीहेची शीर उघडी आहे का, आणि यकृतात गाठ आहे का.

प्लीहेची शीर गुठळीने बंद झाली असेल, उदाहरणार्थ स्वादुपिंडाच्या जुन्या आजारात, तर फक्त फंडसमध्ये व्हेरिसेस येऊ शकतात आणि यकृत पूर्ण निरोगी असू शकतं. अशा रुग्णात उपचाराचा रोख प्लीहेवर असतो. सीटी न करता पुन्हा पुन्हा ग्लू देत राहिलो तर मूळ कारण नजरेआडच राहील.

शंट मोठा असेल आणि रुग्णालयात इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन किंवा एक्स-रे पाहत शिरांमधून उपचार करणारे डॉक्टर असतील, तर बीआरटीओ हा चांगला पर्याय आहे. त्यात मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून नळी शंटपर्यंत नेतात, फुग्याने शंट अडवतात आणि उलट्या बाजूने औषध भरून व्हेरिसेस बुजवतात. टिप्समध्ये यकृतातून स्टेंट टाकून पोर्टल शीर थेट यकृताच्या शिरेशी जोडली जाते. दाब खऱ्या अर्थाने उतरवणारा उपचार हाच. त्याची किंमत म्हणजे मेंदूवर परिणाम होऊन गोंधळ वाढण्याचा धोका, आणि हृदय किंवा यकृत फारच कमकुवत असेल तर तो झेपत नाही. जलोदर वारंवार भरतो आणि शिराही फुटतात अशा रुग्णात एकाच टिप्सने दोन्ही प्रश्न सुटू शकतात, तिथे केवळ कॉइल टाकून थांबणं अपुरं ठरतं. बीआरटीओनंतर उलट होतं: आडवाट बंद झाल्याने पोर्टल दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या शिरा किंवा जलोदर बळावू शकतो.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: "या रुग्णात ईयूएस, बीआरटीओ आणि टिप्स या तिघांत तुम्ही ईयूएस का निवडताय?" उत्तर शंट, यकृताची स्थिती आणि उपलब्ध कौशल्य यांच्या आधाराने मिळालं तर ते विचारपूर्वक दिलेलं आहे. दुसरा प्रश्न: "अशा किती प्रक्रिया इथे होतात आणि काही अडलं तर रेडिओलॉजीची मदत याच इमारतीत आहे का?" हे विचारण्यात संकोच करू नका.

प्रक्रियेआधीची तयारी

रक्तगट आणि क्रॉसमॅच करून रक्त राखून ठेवतात. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, सोडियम आणि बिलिरुबिन तपासतात. हृदयाचा इको करून घेणं उत्तम. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असेल, तर ग्लूचा कण फुफ्फुसात न अडकता मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असं छिद्र सापडलं तर निर्णयाचा पुन्हा विचार होतो.

रक्त पातळ करणाऱ्या सगळ्या गोळ्यांची यादी लिहून द्या. कोणती, किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, आपल्या मनाने थांबवू नका. मधुमेहाची औषधं, कॉन्ट्रास्टची अॅलर्जी आणि धातूची अॅलर्जी हेही सांगा. ठरवून केलेल्या प्रक्रियेसाठी घन अन्न साधारण ६ ते ८ तास आधी बंद होतं. जलोदर जास्त असेल तर आधी पाणी काढतात. ५ लिटरपेक्षा जास्त काढलं तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. रुग्ण आधीच गोंधळलेला असेल तर लॅक्ट्युलोज (शौच साफ ठेवून गोंधळ कमी करणारं औषध) चालू ठेवणं गरजेचं, कारण भुलीची औषधं त्याच्या मेंदूवर जास्त परिणाम करतात.

रक्त वाहत असताना प्रक्रिया करायची तर घशातून श्वासनलिकेत नळी घालून संपूर्ण भूल देणंच सुरक्षित. ठरवून करतानाही जठरात पाणी भरावं लागतं, ते श्वासमार्गात जाऊ नये म्हणून बरेच भूलतज्ज्ञ हाच मार्ग निवडतात.

आत काय घडतं

आधी साध्या दुर्बिणीने अन्ननलिका आणि जठर पाहून घेतात. मग ईयूएसची दुर्बीण आत जाते. जठराच्या वरच्या भागात पाणी भरलं की हवा बाजूला होते आणि चित्र स्वच्छ येतं. पडद्यावर भिंतीआड काळ्या, वाटोळ्या, एकमेकींत गुंतलेल्या पोकळ्या दिसतात. डॉप्लरचं बटण दाबलं की त्या लाल-निळ्या रंगाने भरून येतात आणि कोणती शीर रक्त आणते, कोणती नेते हे शोधता येतं. शक्यतो रक्त आणणारी शीर गाठायची. ती बंद झाली की पुढचा गुंता आपोआप रिकामा होतो. ती सापडली नाही तर सगळ्यात मोठ्या पोकळीवर नेम धरतात.

सुई घालण्यासाठी अनेक तज्ज्ञ अन्ननलिकेच्या खालच्या टोकातून, डायाफ्रामच्या स्नायूच्या पट्ट्यातून जाणारी वाट निवडतात. याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. फंडसमध्ये शिरेवर फक्त पातळ अस्तर असतं. तिथे टोचलं तर सुई काढल्यावर त्याच छिद्रातून रक्त येऊ शकतं. मधे स्नायू असेल तर सुई स्थिर राहते आणि काढल्यावर वाट मिटते. शिवाय दुर्बीण वाकवावी लागत नाही, त्यामुळे कॉइल सहज सरकते.

आता मापं. शिरेचा व्यास मोजून त्याहून साधारण २० टक्के मोठ्या वेटोळ्याची कॉइल घेतात. लहान घेतली तर ती प्रवाहाबरोबर वाहून जाईल. फार मोठी घेतली तर ती आत नीट उलगडणार नाही. ०.०३५ इंच जाडीची कॉइल १९ गेजच्या सुईतून जाते, ०.०१८ इंचाची २२ गेजमधून.

सुई शिरेत गेल्यावर थोडं रक्त ओढून किंवा एक्स-रेखाली कॉन्ट्रास्ट सोडून खात्री करतात. मग सुईतल्या बारीक तारेने कॉइल पुढे ढकलतात. काळ्या पोकळीत एक पांढरी चकाकती रेघ उमटते आणि भिंतीला टेकली की वळू लागते. वेटोळं अर्धं बाहेर आलेलं असताना सुई मागे ओढायची नाही, कॉइल तुटू शकते. शीर मोठी असेल तर दोन, तीन किंवा अधिक कॉइल लागतात. प्रत्येक कॉइलनंतर डॉप्लर पाहिला तर रंग आक्रसत जाताना दिसतो. आधी कडेचा जातो, मग मधे एक बारीक रेघ उरते. ती रेघ शिल्लक असेल तर ग्लू द्यायचा.

ग्लू देताना घरातले दिवे मालवल्यासारखी शांतता नसते, उलट सगळ्यांत जास्त हालचाल याच वेळी असते. डॉक्टर, सहायक आणि परिचारिका डोळ्यांवर चष्मा घालतात, दुर्बिणीच्या टोकाला सिलिकॉन किंवा तेलाचा हात दिलेला असतो, आणि कोण कधी काय ढकलणार हे आधी मोठ्याने ठरवलं जातं. सुई आधी कोणत्या द्रवाने भरायची ते ग्लूच्या प्रकारावर ठरतं, कारण सलाइनसारखा क्षारयुक्त द्रव काही ग्लू सुईतच गोठवू शकतो. ग्लू सहसा एकेक मिलिलिटरच्या टप्प्याने देतात, मागून द्रव ढकलून सुईत उरलेला ग्लूही शिरेत पोहोचवतात आणि लगेच सुई आवरणात ओढून घेतात. वेळ लागला तर सुई शिरेला चिकटते. काही मिनिटं थांबून पुन्हा डॉप्लर. रंग परतला नाही तर काम झालं, परतला तर आणखी एक टप्पा.

ईयूएसचं सगळं सार मला या शेवटच्या डॉप्लरमध्ये दिसतं. फुगवटा कडक लागतो का, यावर विसंबून राहण्यापेक्षा प्रवाह थांबल्याचं डोळ्यांनी पाहणं कितीतरी भरवशाचं. प्रक्रियेचा रिपोर्ट हातात आला की त्यात कॉइलची संख्या आणि मापं, ग्लूचं प्रमाण आणि "डॉप्लरवर प्रवाह नाही" ही नोंद आहे का ते पाहा. नसेल तर लिहून मागा.

पहिले काही दिवस

सौम्य पोटदुखी आणि एखाद-दोन दिवस हलका ताप हे अनेकदा दिसतं. दुर्लक्ष करायचं नाही ते पुढचं: धाप, छातीत दुखणं, ऑक्सिजन घसरणं, सतत खोकला. तेव्हा फुफ्फुसात ग्लू गेला का हे पाहायला छातीचा सीटी करतात. बहुतेक वेळा असे कण लक्षणांविना सापडतात आणि त्यांना वेगळे उपचार लागत नाहीत, पण मोठा कण जिवावर बेतू शकतो. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा बोबडं बोलणं म्हणजे तातडी. ताप चढता राहिला तर रक्ताचं कल्चर करतात, कारण ग्लूवर जंतू ठाण मांडू शकतात.

रक्तस्राव झालेल्या रुग्णात दाब कमी करणारं शिरेतलं औषध २ ते ५ दिवस चालतं. ते चालू असताना बीटा ब्लॉकर (कार्वेडिलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशा गोळ्या) देत नाहीत. पातळ आहार कधी सुरू करायचा ते वॉर्डात ठरतं. फार दिवस उपाशी ठेवण्याने सिरोसिसच्या रुग्णाचं नुकसानच होतं.

घरी गेल्यावर

एक ते तीन महिन्यांनी पुन्हा ईयूएस करून प्रवाह परत आला का पाहतात. ही भेट चुकवू नका. साध्या दुर्बिणीत फुगवटा दिसला म्हणजे उपचार फसला असं नाही, आत गोठलेला ग्लू असल्याने तो महिनोन्‌महिने दिसू शकतो. निर्णय डॉप्लरवर होतो. प्रवाह उरला असेल तर पुन्हा कॉइल किंवा ग्लू देतात.

काही आठवडे किंवा महिन्यांनी गोठलेला ग्लू जठरात हळूहळू बाहेर पडतो. क्वचित कॉइलचं टोकही भिंतीतून डोकावतं. ते दिसलं म्हणून चिमट्याने ओढून काढायचं नसतं, शीर उघडू शकते. दुसऱ्या रुग्णालयात साधी दुर्बीण करायची वेळ आली तर हा जुना उपचार आधी सांगा. कॉइलची माहिती लिहिलेलं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद जवळ ठेवा, एमआरआय करण्यापूर्वी तो दाखवावा लागतो.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे: दाब तसाच आहे. एक शीर बंद झाल्यावर रक्त दुसरी वाट शोधतं, अन्ननलिकेत, लहान आतड्यात किंवा गुदाशयात. अन्ननलिकेत मोठ्या शिरा असतील तर दर २ ते ४ आठवड्यांनी बँडिंग करून त्या संपवाव्या लागतात. कार्वेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल पोर्टल दाब कमी करतं. कार्वेडिलॉल सहसा ६.२५ मिलिग्रॅमने सुरू करून सोसलं तर १२.५ पर्यंत नेतात. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, लघवी कमी झाली किंवा चक्कर येऊ लागली तर डॉक्टरांना कळवा, डोस कमी करावा लागतो किंवा औषध थांबवावं लागतं.

दाबाचं मूळ कारण सुटलं तर खरा फरक पडतो. दारू पूर्ण बंद, थोडीसुद्धा नाही. हिपॅटायटिस सी असेल तर तो गोळ्यांनी बरा होतो, हिपॅटायटिस बी असेल तर विषाणू दाबून ठेवणारं औषध रोज घ्यायचं. वेदनाशामक म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वर्गातल्या गोळ्या टाळा. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, तेही डॉक्टरांना विचारून. जलोदर असेल तर मीठ दिवसाला सुमारे ५ ग्रॅमपर्यंत आणा. प्रथिनं मात्र कमी करू नका. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाल्लं तर स्नायू झिजणं कमी होतं. "यकृत खराब आहे, प्रथिनं बंद" हा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याने रुग्ण खंगतो.

ईयूएसचा आणखी कुठे उपयोग

गुदाशय, लहान आतडं किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या जोडाजवळच्या व्हेरिसेसमध्ये हीच पद्धत वापरता येते. तिथे साध्या दुर्बिणीला शीर नीट सापडत नाही, त्यामुळे ईयूएसचा फायदा जास्तच.

दुसरा उपयोग दाब मोजण्याचा. आजवर हा दाब मानेच्या शिरेतून नळी घालून अप्रत्यक्ष मोजला जातो आणि तीच प्रमाण पद्धत आहे. ईयूएसमध्ये २५ गेजच्या सुईने, दुर्बिणीतूनच, यकृताच्या ऊतीमधून आधी यकृताच्या शिरेतला आणि मग पोर्टल शिरेतला दाब थेट मोजतात, अनेक वाचनं घेऊन सरासरी काढतात. माणसावरचा २८ रुग्णांचा पहिला अभ्यास २०१७ मध्ये आला. रक्त यकृतात पोहोचण्याआधीच्या वाटेवर अडथळा असेल तिथे मानेतून केलेलं मापन खरा दाब कमी दाखवतं, थेट मापनात ती अडचण नाही. त्याच बैठकीत यकृताचा तुकडाही तपासणीसाठी घेता येतो. मात्र जलोदर जास्त असेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर हे टाळतात. ईयूएसने टिप्ससारखी वाट तयार करण्याचे प्रयत्न अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत. रुग्णाने त्यांच्या भरवशावर आजचा उपचार लांबवू नये.

प्रत्यारोपणाचा प्रश्न कधी काढायचा

शीर फुटली याचा अर्थ सिरोसिस पुढच्या टप्प्यात गेला. रक्तस्राव थांबला, माणूस घरी आला, की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि हा विषय मागे पडतो. तो पहिल्याच फॉलोअपला काढा. मेल्ड स्कोअर (यकृताचा आजार किती गंभीर ते रक्ततपासण्यांवरून सांगणारा आकडा) १५ किंवा त्याहून जास्त असेल, जलोदर किंवा गोंधळ वारंवार होत असेल, तर प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवण्याबद्दल विचारा. नाव लावलं म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असं नसतं, पण तपासण्या आणि दात्याचा विचार यांना वेळ लागतो आणि तो प्रकृती बरी असतानाच हाताशी असतो. सोबत दर ६ महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्या, गरजेप्रमाणे अल्फा फीटोप्रोटीनची रक्ततपासणीही, कारण सिरोसिसमध्ये यकृताचा कर्करोग सुरुवातीला काहीच त्रास देत नाही.